झापडांचा चष्मा

सुट्टी लागली आणि चष्मेवाल्यांच्या घरातला उजेड आक्रसत गेला. आधी अभ्यासाच्या खोलीचा पडदा ओढला गेला, मग भिंतीवरचे घड्याळ उतरले, मग खिडकीतली कुंडी हद्दपार झाली. तरीही नऊ वर्षांच्या मुलीचे मन भागाकारात रमेना. लोकांच्या नजरा तपासता तपासता आपल्याला त्यांची मनेही वाचता येतात, असा चष्मेवाल्या बापाचा, म्हणजे मामाच्या भाऊजींचा, समज झाला होता. त्यांनी निदान केले : "लक्ष डोळ्यांच्या कडांनी सांडतं. कडा बुजवल्या की झालं."

आणि बिननंबरी चष्म्याला दोन्ही बाजूंनी काळ्या चामड्याची झापडे बसवून तो त्यांनी लेकीच्या नाकावर चढवला.

मामा दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगे घासत असे. मुलीच्या आईचा हा धाकटा भाऊ. काम भाऊजींच्या दुकानात, बिऱ्हाड भाऊजींच्याच घरी. टांग्याच्या घोड्याला झापडे लावली तरी समोर निदान रस्ता असतो, असे त्याच्या मनात आले आणि मनातच राहिले. भाऊजींविषयीचा त्याचा तिरस्कारही निखळ नव्हता. त्यातला निम्मा त्याच्या स्वतःच्याच वाट्याचा होता.

पूर्वी पोर जाता-येता विचारी, "मामा, पालीला पापण्या असतात का?" आता हाक मारली तर थकल्या बैलासारखी सगळे अंग वळवून उभी राही. प्रश्न आटले. भागाकार मात्र बरोबर येऊ लागले, तसे भाऊजी छाती पुढे काढून चालू लागले. तिच्या शेजारी खुर्ची टाकून ते तासन्‌तास "हं... हं... चुकलीस बघ" करीत बसत, दुकानातही.

एके दिवशी एक बाई मुलाला घेऊन दुकानात आल्या. "आमचं हे रत्न एका जागी टिकेल तर शपथ! सुट्टीत तर वारं प्यायलेलं वासरू."

"टिकेल! आमच्या लेकीलाच विचारा," भाऊजी म्हणाले.

"खरंच या चष्म्यानं फरक पडतो का गं?"

मुलगी अख्खी वळली. "हो, खूप. आधी बाबा शेजारी बसले की सारखं तिकडेच लक्ष जायचं. आता ते दिसत नाहीत. नुसते ऐकू येतात."

बाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊजींच्या कपाळावर आठी पडली. पण ती अपमानाची नव्हती, संशोधनाची होती.

"कान राहिलेच की! मेव्हणेबुवा, या पोराच्या कानशिलांचं माप घ्या. आणि कानांवरही काही बसवता येतंय का, बघा."

मामाने पट्टी उचलली. समोरचा मुलगा दुकानातल्या साऱ्या आरशांत एकाच वेळी स्वतःला वाकुल्या दाखवीत होता. मामाने पट्टी खाली ठेवली.

"नाही घेणार."

"काय?"

"माप."

"खातोस कुणाचं रे?"

"तुमचंच. म्हणून तर इतके दिवस शेण खाल्ल्यासारखा गप्प होतो."

बाई मुलाचे बखोट धरून पायरी उतरल्या. मामाने पुढे होऊन भाचीच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला. तिथे दोन लाल वळ होते.

"संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर," भाऊजी कडाडले.

"करतो."

मुलीने डोळे मिचकावले. मग मान जराही न वळवता, नुसत्या डोळ्यांच्या कडेने, ती बापाकडे पाहू लागली. ते ओरडत होते, चष्मा परत मागत होते, हात नाचवीत होते. ती पाहतच राहिली. तिचे लक्ष तसूभरही ढळले नाही.