हृदयातलं संप्रेरक

प्रयोगशाळेत तिला सगळे बाई म्हणत. कामात वाघ, बोलण्यात मुकी, आणि घरी एकटी. चार वर्षांपूर्वी तिच्या दादाच्या स्वादुपिंडाला अचानक सूज आली. अन्न पचवणारे रस त्या ग्रंथीलाच पचवू लागले आणि सहाव्या दिवशी दादा गेला. त्यानंतर बाईने आपला जुना विषय सोडून हाच धरला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, असं सहकाऱ्यांनी समजावलं. तिने ऐकलं नाही.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत एक संप्रेरक तयार होतं. हृदयावर ताण आला की ते मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं. तेच सुजलेल्या स्वादुपिंडालाही सावरतं का, हे बाई उंदरांवर तपासत होती. अशा सुजेत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू माजतात आणि पेशींची आवरणं जाळत सुटतात. निम्म्या उंदरांना तिने संप्रेरक दिलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी.

मंगळवारी दुपारी आकडे आले. संप्रेरक मिळालेल्यांत ही जाळपोळ निम्म्याने कमी होती. तिने मोजणी दोनदा ताडून पाहिली. आकडे तेच आले.

आता सांगायचं कुणाला? दादा असता तर म्हणाला असता, ‘कळलं काही नाही, पण झकास झालं.’ शेवटी तिने वहिनीला फोन लावला. आधी वहिनीच्या गुडघ्याची चौकशी झाली, गळक्या नळाची झाली. मग बाईने सोप्या शब्दांत सगळं सांगितलं.

“म्हणजे ते ह्यांच्या हृदयातही होतं?” वहिनीने विचारलं.

“होतं. सगळ्यांच्याच असतं.”

“मग पुरलं नाही?”

उंदीर वेगळे, माणूस वेगळा, मात्रा वेगळी, हे सगळं बाईच्या ओठांवर आलं होतं. ती एवढंच म्हणाली, “नाही पुरलं.”

वहिनी हळूच म्हणाली, की पोटात दुखायला लागलं त्या सकाळी तिने गरम पाण्याची पिशवी देऊन त्यांना झोपवलं होतं. तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर?

बाई म्हणाली, “वहिनी, त्या सकाळी दादाने मला फोन केला होता. मी म्हणाले, पित्त असेल, पड जरा.”

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मग दारात कुणीतरी आलंय, असं सांगून वहिनीने फोन ठेवला. बेल वाजल्याचं काही बाईला ऐकू आलं नव्हतं.

तीन दिवस फोनकडे कान लावून तिने काम केलं. शुक्रवारी वहिनीचा फोन आला. नळ दुरुस्त झाला, म्हणाली. त्या विषयावर अवाक्षर नाही. ठेवता ठेवता तिने विचारलं, “रविवारी येतेस का?”

“येते,” बाई म्हणाली. मग हातमोजे चढवून ती पिंजऱ्यांकडे वळली. उंदरांची दुसरी तुकडी यायची होती.