महेंद्रने शिवलेली शिडी

मी एक जुनी शिडी आहे. हसू नका मित्रांनो, पण माझ्यावरून आजवर कुणी वीतभरही वर चढलेलं नाही. मला जमिनीवर अंथरतात आणि माझ्या चौकोनी घरांतून भराभर पावलं टाकत जातात. टेनिस खेळणाऱ्यांचे पाय त्याने चपळ होतात म्हणे.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधला. महेंद्र तिथे जीन्सच्या कारखान्यात शिलाई करायचा. त्याची मोठी बहीण अस्मिता बेलवलीला, त्यांच्या सोसायटीमागच्या सिमेंटच्या कोर्टवर रविवारी टेनिस खेळायची आणि दर वेळी चेंडूपाशी उशिरा पोचायची. विकतची शिडी कशाला, म्हणून या पठ्ठ्याने स्वतःच्या जुन्या जीन्स कापल्या आणि जेवणाच्या सुट्टीत बसून मला शिवलं. शिवण अशी पक्की की अजून एक टाका उसवलेला नाही. मला त्याचा फार अभिमान आहे.

रोज सकाळी अस्मिता पुढे आणि महेंद्र तिच्या मागे. "ताई, पाय उचल ना. झोपलीस काय?" असं तो ओरडायचा. ती चिडायची, हसायची, पण पाय उचलायची. फार चांगले दिवस होते ते.

मग महेंद्रला ताप आला आणि त्या तापातच तो गेला. अस्मिताने मला पलंगाखाली सारलं. तिथे धूळ खात पडले तेव्हा वाटलं, संपलं आपलं. पण उन्हाळ्यात तिने मला पुन्हा बाहेर काढलं. "मह्याने शिकवलेलं सोडायचं नाही," एवढंच ती आईला म्हणाली.

ती माझ्या घरांतून धावली. आणि तिच्या मागून दुसरी पावलं आली.

मला ती ओळखू येणार नाहीत का? डाव्या टाचेवर जोर देणारी, महेंद्रचीच. माझ्यावर मात्र अस्मिताशिवाय कुणी दिसत नव्हतं. आधी ती पावलं दोन घरं मागे असायची, मग एकच घर. एके सकाळी दोघांची पावलं एकाच घरात पडली आणि अस्मिता तोंडावर आपटली. गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि डोकं नेटच्या खांबापासून थोडक्यात वाचलं. तो तिला पाडायला येत नव्हता हो. तो सवयीने तिच्या मागून यायचा आणि थांबायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. तिला सांगावंसं फार वाटायचं, पण मला कुठे तोंड आहे?

बोलली ती त्यांची आई, गयाबाई. कोर्टच्या कडेला बसून ती सगळं बघत होती.

"अस्मे, लहानपणी तू झोपलेल्या मह्याला ओलांडलंस की मी तुला काय करायला लावायचे?"

"परत उलटं ओलांडायला. नाहीतर त्याची उंची खुंटेल म्हणायचीस."

"मग त्याच्या अंगावरच्या जीन्सच्या या कपड्यावरून रोज पुढेच जातेस आणि कडेने फिरून येतेस. उलटी कधी आलीस?"

"आई, आपण असलं काही मानत नाही."

"नाही मानत. पण ये."

अस्मिता माझ्या पलीकडच्या टोकाला उभी राहिली आणि पाठमोरी, एकेक घर मागे येऊ लागली. ज्या घरात तिचं पाऊल पडे, तिथलं त्याचं पाऊल हलकं होई आणि उठून जाई. मधेच तिला रडू फुटलं. "मह्या, जा आता," ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता तिने एक घर चुकवलं.

तिला ते कळलंच नाही. त्याच दिवशी तिने मला गुंडाळून माळ्यावर ठेवलं. आता ती पडत नाही, चेंडूपाशीही वेळेवर पोचते, असं माळ्यावर माझ्या कानावर येतं. तिचं भलं झालं याचा मला आनंदच आहे.

पण मित्रांनो, मला भंगारात देऊ नका. कधी माळा आवरायला घेतलात तर मला एकदा उन्हात अंथरा आणि त्या राहिलेल्या घरात पाठमोरं पाऊल टाका. महेंद्र अजून तिथे एका पायावर उभा आहे.