बंद पडलेली पाळी

या गं बायांनो, पुढे सरका. पुरुषमाणसांनीही उठायचं कारण नाही. तुम्हीसुद्धा आईच्याच पोटातून आलात. एका भोंग्याची गोष्ट सांगते. देव कुणाच्या तोंडून बोलेल याचा नेम नसतो. या गोष्टीत तो दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या मुलीच्या तोंडून बोलला.

तर एक आजी होती. उभा जन्म सूतगिरणीत गेला. यंत्रांच्या खडखडाटावर बोलून बोलून आवाज असा चढला की गिरणीतल्या बाया तिला भोंगाच म्हणत. आजी निवृत्त झाली, आवाज काही झाला नाही. मुलगा ट्रकवर, घरी कमी, रस्त्यावर जास्त. घरात शिवणकाम करणारी सून आणि नुकती वयात आलेली नात.

नातीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा पोर न्हाणीघराला कडी लावून रडत बसली. आजी बाहेरून गरजली, "अगं, लाजतेस काय? शिंक येते तशी ती येते! ये बाहेर!" गल्लीच्या टोकाला न्हाव्याचा वस्तरा थबकला म्हणतात. पुढे चाळिशी उलटलेल्या सुनेच्या अंगाची एकाएकी आग होऊ लागली, भर थंडीत ती पंखा लावून बसू लागली. तेव्हाही आजीच म्हणाली, "विझताना दिवा फडफडतोच गं. पण नर्सबाईंना दाखवून ये." दुसरीच्या दुखण्यात आजीचं मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा.

स्वतःची वेळ आली आणि भोंग्याचा गळा बसला.

पाळी जाऊन वर्षं लोटली होती आणि एके दिवशी कपड्याला डाग दिसला. मग पुन्हा दिसला. शेवटी एका दुपारी आजी सुनेच्या मशीनपाशी आली आणि मशीनची फळी नखाने खरवडत पुटपुटली, "अगं, बंद पडलेली पाळी परत सुरू झालीय."

आता बघा हं. गिरणीची दुसरी पाळी बंद पडली तेव्हा अर्ध्या गल्लीतल्या बाया घरी बसल्या होत्या. सुनेच्या डोक्यात तीच पाळी.

"काय सांगता, आई! देवाने ऐकलं म्हणायचं!"

आजी गांगरली. "यात देवाने काय ऐकलं?"

"म्हणजे काय? किती जणी वाट बघून थकल्या! शेजारची तुमची गिरणीतली जोडीदारीण तर रोज विचारते."

"रोज? माझ्या मेलीचं तिला काय पडलंय?"

पण सुनेचा पाय पायडलवर पडला, मशीन धडधडलं आणि बोलणं शिवणीत गेलं. आजीने मनाशी ठरवलं, सून बरं म्हणते तर बरंच असेल, काढू अंगावर. बायांनो, आपली जातच तशी. अंगावरचा दागिना पोरांसाठी काढून देऊ, पण दुखणं मात्र अंगावरच काढू.

दुसऱ्या दिवशी जोडीदारीण दारात हजर, नाकाचा शेंडा लाल.

"ए भोंग्या! तुझ्या सुनेने सांगितलं म्हणून मी डबा घेऊन दुसऱ्या पाळीच्या वेळेला गिरणीवर गेले! फाटकाला कुलूप! रखवालदार म्हणतो, 'मावशी, आत कबुतरं आहेत, त्यांची पाळी चालू आहे.' कुणाची सुरू झाली गं पाळी?"

सुनेने आजीकडे पाहिलं. आजीने जमिनीकडे.

"माझी."

"काय?"

"गिरणीची नव्हे गं. माझी."

सुनेच्या हातातली कात्री खाली पडली. नर्सबाईंनी तिला बजावलं होतं : पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटलं की पुढे थेंब जरी दिसला तरी दाखवायचं. बहुतेकदा साधंच काही निघतं, पण कधी कॅन्सरही निघतो, आणि तो लवकर सापडलेला बरा.

"आई, उठा. दवाखान्यात जायचंय."

"या वयात तिथे सांगू काय? शोभतं का?"

नातीने कमरेवर हात ठेवले आणि थेट आजीचा सूर लावला, "अगं, लाजतेस काय? शिंक येते तशी..."

"गप गं, कार्टे!" आजी म्हणाली, पण हसू फुटलं आणि पायात चपलाही गेल्या.

दवाखाना गच्च भरलेला. आजी मान खाली घालून बसली. मध्येच उठायची, "चल, बरं वाटतंय मला." सून हात धरून खाली बसवायची. तेवढ्यात नंबर पुकारणाऱ्या मुलीने दारातून डोकं काढलं.

"पुढची पाळी कुणाची?"

जन्मभर गिरणीच्या फाटकात पाळीची हजेरी दिलेली बाई ती. ताडकन उभी राहिली आणि भोंगा वाजला, "माझी! बंद झाली होती, परत आलीय!"

रडणारं एक पोर रडायचं थांबलं.

"आजी, मी नंबर विचारत होते हो," मुलगी म्हणाली.

मग जो हशा उसळला, त्यात सगळ्यात मोठा आजीचाच. फक्त कोपऱ्यातली एक बाई हसली नाही. आजीच्याच वयाची, पिशवी पोटाशी धरून बसलेली. ती हळूच जवळ सरकली.

"बाई, माझंही तसंच आहे. मी पोट दुखतं एवढंच सांगणार होते."

"मग खरं सांगा की! का मी ओरडू तुमच्या वतीने?"

"नको, नको! सांगते मीच."

आजीच्या गर्भपिशवीत मांसाचा एक लहानसा कोंब निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो काढून तपासायला पाठवला. तपासणीचा निकाल येईपर्यंत सुनेने एका झब्ब्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. निकाल आला : कोंब साधा, घाबरण्यासारखं काही नाही. आजीने ही बातमी जोडीदारणीला घरबसल्याच सांगितली, भिंतीच्या अलीकडून.

कोपऱ्यातल्या बाईचं दुखणं मात्र साधं नव्हतं. पण अगदी सुरुवातीला हाती लागलं, मोठं ऑपरेशन झालं, आणि ती आता आजीशी भांडण्याइतकी ठणठणीत आहे.

तेव्हा बायांनो, भोंग्याला विसरलात तरी चालेल. तो विसरू देणार नाहीच. आठवण ठेवा ती त्या कोपऱ्यातल्या बाईची. घरी गेलात की बघा, ती तुमच्याही घरात पिशवी पोटाशी धरून बसलेली असेल. तिला विचारा.