गप्प केलेली चित्रं

माझ्या मैत्रिणीला आम्ही शाळेपासून ‘चौकशीबाई’ म्हणतो. तिला काजू चालत नाही. एक तुकडा पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास कोंडतो. त्यामुळे बाहेरून काही मागवायचं तर ती आधी फोन लावणार आणि काजू आहे का, वाटणात आहे का, भांडं तेच वापरता का, असं समोरच्याचं डोकं खाणार. मेनू बघून ठरव म्हणावं, तर दिसतं कुठे? तिलाही नाही नि मलाही नाही. आमचा फोन लिहिलेलं वाचून दाखवतो, पण बहुतेक हॉटेलवाले मेनूचा फोटो काढून चिकटवतात. मग तो बिचारा ‘चित्र’ एवढंच म्हणतो आणि हात वर करतो.

म्हणून दादाने त्याच्या हॉटेलचा मेनू वेबसाइटवर टाकायचं काढलं, तेव्हा मी हटूनच बसले. वेबसाइट करणाऱ्या बाईंच्या मानगुटीवर बसून एकेक ओळ फोनकडून वाचून घेतली. पदार्थ, किंमत, तिखट किती, सगळं घडाघडा बोलायला लागलं. फक्त प्रत्येक पदार्थाच्या शेपटीला ‘आयकॉन, चित्र, आयकॉन, चित्र’ अशी भुणभुण होती. माझं डोकं उठलं. “ही सजावट गप्प करा हो,” मी म्हटलं. त्यांनी केली. मी मेनू पास केला आणि चौकशीबाईला दम भरला, “आता फोन करून कुणाला पिडायचं नाही. जे आहे ते सगळं लिहिलंय.”

आज दुपारी मी दादाच्या हॉटेलात गल्ल्याजवळ बसले होते, तेव्हा तिचा मघाशी आलेला आवाजी निरोप ऐकला. “ऐक, कुणालाही न विचारता तुमच्याकडून मागवलं बघ! भोपळ्याचं सूप आणि ब्रेड. सुधारले की नाही?” मी इतकी खूश झाले की वहिनीला ऐकवायला वळले. वहिनी गल्ल्यावरून कुणा गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होती.

“अहो, मेनूत पदार्थाच्या पुढे काजूचं छोटं चित्र आहे ना, ते बघा. चित्र असेल तर काजू आहे.”

तिने फोन ठेवला. मी विचारलं, “कसलं चित्र गं, वहिनी?”

“ते बारकं. काजूचं, दुधाचं, अंड्याचं. शब्द लिहिले की गिचमिड होते म्हणून चित्रं टाकली.”

“भोपळ्याच्या सुपापुढे कुठलं आहे?”

“काजूचं. दाट कशाने होणार मग?”

ती चित्रं मीच गप्प करायला लावली होती. आणि नुसतं ‘चित्र’ ऐकून ते काजूचं आहे हे मला कळणार तरी कसं होतं!

“आधी मेनू बंद कर!” मी ओरडले आणि चौकशीबाईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. दादा स्वयंपाकघरातून धावत आला. डिलिव्हरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “केव्हाच दिलं, साहेब. बाई छान हसून थँक्यू म्हणाल्या.”

दादाने गाडी काढली. मी शेजारी बसून फोन लावत राहिले. ती तोंड धुवायला गेली असेल, फोन उशीखाली असेल, सूप गार व्हायला ठेवलं असेल, मनाला वाटेल तसं समजावत होते आणि मन एक ऐकेल तर शपथ. सिग्नलला दादा थांबला की मला त्याचा राग येत होता. बिचारा तो काय करणार?

शेवटी फोन उचलला गेला, पण आवाज तिचा नव्हता.

“मी शेजारची. त्यांनी भिंतीवर हात आपटले म्हणून आले. तोंड सगळं सुजलेलं. इंजेक्शन त्यांच्या पर्समध्ये होतं, ते दिलं. दवाखान्यात आहोत आम्ही. तुम्ही घरच्या का?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

दवाखान्यात नर्स म्हणाल्या, “धोका टळलाय. पण जास्त बोलायला लावू नका.” दादाने मला खाटेशी नेऊन उभं केलं. तिच्या श्वासाचा घरघराट ऐकला आणि मला माझीच किळस आली. माफी मागायला तोंड उघडलं तर रडूच फुटलं.

“तू आपली फोन करत जा गं बाई पूर्वीसारखी,” मी हुंदके देत म्हटलं. “किती का प्रश्न विचारेनास. दादा उचलेल, वहिनी उचलेल. तुझ्यासाठी वेगळं...”

“नाही करणार.” आवाज घोगरा झाला होता, एकेक शब्द ओढून काढत होती.

“अगं, मरता मरता वाचलीस!”

तिने चाचपडत माझा हात शोधला आणि घट्ट धरला.

“आज बोट टेकवलं आणि जेवण आलं. कुणी उसासा टाकला नाही, कुणी ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणालं नाही.” ती दम घ्यायला थांबली. “पुढच्या वेळीही मी विचारणार नाहीये. तू नीट लिही.”