जिवंत माणसासाठी कागद

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला संध्याकाळी आमच्या शिलिपू गावच्या चौकात पाय ठेवायला जागा नसते. ज्याचे त्याचे मेलेले ज्याच्या त्याच्या दिशेला. काठीने मातीत रिंगण ओढायचं, माणूस जिकडे पुरलं असेल तिकडे रिंगणाला तोंड ठेवायचं, नाव घेऊन हाक मारायची आणि आत कागदाच्या नोटा पेटवायच्या. तोंड ठेवायला विसरलात तर पैसे आतच कोंडून राहतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हेही ठाऊक असतं की जिवंत माणसाच्या नावाने कागद जाळायचा नाही. जाळला तर तिकडून त्याला बोलावणं येत राहतं. तो चिवट असेल तर स्वतः जगतो, पण मग त्याच्या घरातलं कुणीतरी जातं.

माझ्या थोरल्या जावेने, च्यूफांगने, हेच केलं. एकदा नव्हे, वीसेक वर्षं.

ती जपानी, आम्ही चिनी. एरवी गावात हे कुणी तोंडावर बोलत नसे, भांडण झालं की मात्र सगळ्यांना बरोबर आठवायचं. लढाई संपली त्या शरदात जपानी वसाहतीतल्या बायका पोरंबाळं घेऊन पळत सुटल्या होत्या, त्यातली ती एक. नवऱ्याला सैन्याने आधीच ओढून नेलेलं, तो काही परतला नाही. कडेवर एक चालायला लागलेली मुलगी. नदीकाठच्या सानहे गावी, होडीच्या धक्क्याजवळच्या गोठ्यात, ज्वारीच्या कडब्यात त्या दोघी पडून होत्या. तिथे माझ्या थोरल्या दिरांनी, शुनहाय गाडीवानांनी, तिला पाहिलं. तिशी उलटली तरी भाऊजींना कुणी मुलगी देत नव्हतं. सासूबाईंनी बजावून पाठवलं होतं, "बायको मिळाली तर आण. पण एकटी आण. दुसऱ्याची पोर मी पोसायची नाही."

धक्क्यावर एक टोफूवाला राहायचा, त्याला मूल नव्हतं. मुलगी त्यांच्याकडे ठेवली. "एवढा हिवाळा जाऊ दे, वसंतात घेऊन येऊ," असं भाऊजी म्हणाले. वसंत आला तेव्हा सासूबाई ठणठणीत होत्या. पुढल्या वसंतात जावेला स्वतःला दिवस गेले होते. त्याच्या पुढे तिला आणायचा कुणी विषयच काढला नाही. च्यूफांग हे नावही सासूबाईंनीच दिलेलं, तिचं मूळचं काय होतं ते मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तिला दोन मुलगे झाले होते आणि ती आमच्यासारखंच बोलत होती. शिव्या तर माझ्याहून चांगल्या देत असे. फक्त भाऊजी गाडी जुंपायला लागले की ती भाकरीचं गाठोडं घेऊन चाकाशी उभी राहायची.

"सानहेवरून जाणार का?"

"नाही. वाट वाकडी पडते."

"परतताना?"

"बघू."

इतकंच. दर खेपेला. एकटीने वेशीबाहेर जायची तिला मुभा नव्हती. मला तेव्हा राग यायचा, तिचाच. म्हटलं, बाई, मिळालंय घर तर गप राहा की.

तेव्हाही पौर्णिमेला ती चौकात यायची. आग्नेयेला तोंड ठेवून एकच रिंगण काढायची, समुद्रापलीकडच्या आईबापांसाठी. एकदा कुणी आगाऊ बाईने विचारलं, पोरीसाठी नाही का जाळत? जाऊ काठी घेऊन तिच्या अंगावर धावली. "जिवंत आहे ती. पुन्हा बोललीस तर तुझ्याच नावाने जाळीन."

मग उपासमारीची वर्षं आली. झाडांच्या साली खाल्ल्या, ते सांगत बसत नाही. त्यातून गाव जरा सावरलं आणि एका उन्हाळ्यात भाऊजी लांबच्या खेपेवरून आले. गाडीचे बैल सोडायच्या आधीच ते जावेला म्हणाले, "सानहेला गेलो होतो. मुलगी गेली. तापाने. मागच्या हिवाळ्यात."

ती रडली नाही. बैलांना पाणी दाखवलं, भाऊजींना जेवायला वाढलं. त्या पौर्णिमेला मात्र तिने चौकात दोन रिंगणं काढली. एक आग्नेयेला, एक उत्तरेला, सानहेच्या बाजूला. दुसऱ्यात कागद टाकताना तिने ज्या नावाने हाक मारली ते आम्ही कधी ऐकलं नव्हतं. सेत्सू. तेव्हा ती खाली बसून इतकी ओरडली की आपापले कागद अर्धवट टाकून लोक घरी गेले.

तिथून पुढे एक वर्ष चुकलं नाही. मध्ये कागद जाळायची बंदी आली, सरकारची माणसं घराघरात येऊन बघत असत. तेव्हा ती चुलीच्या राखेत बोटाने रिंगण काढायची, उत्तरेला तोंड ठेवायची आणि चिमटीएवढा कागद जाळायची. मी दारात लसूण सोलत राखण करायचे. तोवर माझा राग गेला होता. भाऊजीही पुढे वारले. मी सगळ्यांना सांगायचे, देवमाणूस होता. जपानी बाई घरात आणली पण कधी हात उगारला नाही.

सामुदायिक शेती मोडून जमिनी पुन्हा घराघराला वाटून दिल्या त्या वसंतातली गोष्ट. मी जावेच्या अंगणात रांजणातून आंबवलेला कोबी काढत होते. फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, खांद्याला पिशवी, एका पायाने किंचित लंगडत होती.

"शुनहाय गाडीवानाचं घर हेच का?"

"होतं. आता त्याच्या बायकोचं आहे. तू कोण?"

"मी युनश्या. सानहेच्या टोफूवाल्यांची."

माझ्या हातातला कोबी रांजणात परत पडला. तेवढ्यात पिठाचे हात घेऊन जाऊ बाहेर आली. दोघींचा तोंडावळा एक, आंधळ्यालाही कळलं असतं. जावेने पुढे होऊन त्या बाईची बाही वर सरकवली. कोपराशी जुना भाजल्याचा डाग होता.

"सेत्सू," ती म्हणाली.

"ते काय?" त्या बाईने विचारलं.

कांगवर, खालून चुलीने तापणाऱ्या विटांच्या ओट्यावर, आम्ही तिघी बसलो. जावेने घरात होतं नव्हतं ते शिजवलं, अंडी, कोबी, गोड बीन्स भरलेले चिकट गोळे. ती स्वतः काहीच खात नव्हती. मुलीच्या घासाकडे बघत होती.

"मला काही माहीत नव्हतं," युनश्या म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात आई गेली. जाताना म्हणाली, तू आमची नव्हेस, शिलिपूच्या गाडीवानाच्या बायकोची आहेस. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, काकू?"

"तुझे घरचे कुठायत?" मी विचारलं.

"नवरा लाकूडतोडीला होता. झाड अंगावर आलं. मुलगा होता, बाओ, तो नदीत गेला. पायाचं हे त्यानंतरचं. मग घरही जळालं. आता मी आणि एक मुलगी."

"कधी?" जाऊ म्हणाली.

"काय कधी?"

"नवरा. झाड पडलं ते कधी?"

युनश्याने साल सांगितलं. "आणि मुलगा?" तेही सांगितलं. जाऊ पुढे विचारत गेली, पाय कधी, घराला आग कधी लागली. मला कळत होतं ती काय जुळवतेय. सगळं ती कागद जाळायला लागली त्या उन्हाळ्यानंतरचं होतं.

"ताप आला होता का तुला?" जावेने विचारलं. "लग्नाआधी? उपासमारीच्या वेळी? मरायला टेकली होतीस का?"

"नाही. मी दणकट होते. ताप नाही न् खोकला नाही." मग तिला काहीतरी आठवलं. "त्याच सुमारास एक गाडीवान आला होता आमच्याकडे. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, म्हणून लक्षात राहिला. टोफूचा वाडगा समोर घेऊन मला नुसता बघत बसला. मग आईला बाहेर नेऊन काहीतरी बोलला. जाताना मला भोपळ्याच्या बिया दिल्या. आई दिवसभर रडत होती. मला वाटलं उधारीचं असेल."

भाऊजींच्या डाव्या हाताची दोन बोटं थंडीने गळाली होती. माझं लग्न झालं तेव्हाही नव्हती.

जाऊ उठली आणि चुलीत लाकूड सारायला गेली. लाकूड आधीच भरपूर होतं. भिंतीवर भाऊजींचा फोटो होता, मी त्याच्याकडे पाठ केली. त्यांनी का केलं ते मला कळतं. बायको सारखी दाराशी उभी, एक दिवस निघून जाईल याची भीती. कळतं म्हणून मी माफ करीन असं नाही. देवमाणूस हा शब्द मी त्यानंतर कुणासाठी वापरलेला नाही.

आता युनश्या का आली होती तेही बाहेर आलं. जपान आपली तेव्हा मागे राहिलेली मुलं परत नेत होतं. आईने कचेरीत उभं राहून ही माझी म्हणून तोंडाने सांगितलं तर तिला आणि तिच्या मुलीला जाता येणार होतं. आईला जाता येणार नव्हतं. लढाईच्या वेळी ज्या बायका मोठ्या होत्या त्या आपखुशीने राहिल्या, असं धरलं होतं म्हणे. आपखुशीने. मी खिडकीतून बाहेर थुंकले.

युनश्या झोपल्यावर मी जावेला माजघरात गाठलं.

"सांगू नकोस. नाही ओळखत म्हण. मग इथेच राहील, सानहे काही लांब नाही."

"इथे राहून आणखी काय मरायचं राहिलंय तिचं?"

"तू कागद ज्या नावाने जाळलेस ते नाव तिला ठाऊकसुद्धा नाही. मग ते पोचलेच कसे? उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

"आईने मारलेली हाक आहे ती, मेईरोंग. पोचते."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली आणि ही माझी मुलगी म्हणाली. साहेबाने विचारलं, पुरावा? तिने बाही वर करून डाग दाखवला, आणि कढत पेज कशी सांडली होती ते सांगताना तिच्या तोंडून जपानी निघालं. इतक्या वर्षांनी. तिथला दुभाषा उठून उभा राहिला.

परवानगी आली तशी युनश्या सानहेला निघाली, तिथून आपल्या मुलीला घेऊन पुढे जाणार होती. बस आमच्या चौकातूनच सुटते. निरोप द्यायला आम्ही दोघी आलो. बस यायला वेळ होता आणि जावेने युनश्याचा हात धरला.

"एक काम आहे तुझ्याकडे. मला खोटं सांगितलं होतं की तू गेलीस. मी तुझ्यासाठी कागद जाळले. इथे. दरवर्षी."

युनश्याला आधी नीट समजलं नाही. मग समजलं. तीही याच मातीत वाढलेली. तिने हात सोडवून घेतला.

"माझा नवरा," ती म्हणाली. "माझा बाओ."

"ज्याच्यासाठी काढलं त्याने स्वतःच्या पायाने रिंगण पुसलं की सुटतं. एवढं कर आणि जा. मग तिकडे काही होणार नाही तुला."

"कुठाय रिंगण? ट्रॅक्टर जातात इथून."

जावेने कुंपणाची काठी उपटली आणि वाकून नवं रिंगण ओढलं. गोल नीट आला. उत्तरेला तोंड ठेवलं. "ये. आत पाय टाक, पुस."

युनश्या त्या रेघेकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पोरी, पुस गं, जाऊ दे." ती एक पाऊल मागे सरली. बस आली तेव्हा तिने पिशवी उचलली आणि रिंगणाला मोठा वळसा घालून, घरांच्या भिंतीला घासत, बसपर्यंत गेली. खिडकीतून तिने पाहिलं नाही. बसचं चाक रेघेवरून गेलं, पण चाकाने पुसलेलं चालत नाही.

त्यानंतर तिचं काही कळलं नाही. पोचली एवढं कचेरीतून कळलं. जावेच्या मुलांनी चौकशी करून पाहिली, उत्तर आलं नाही.

पुढल्या पौर्णिमेला मी माझे कागद घेऊन चौकात गेले. जाऊ आधीच येऊन बसली होती. समोर आग्नेयेला तोंड असलेलं रिंगण, आत काही नाही.

"काडेपेटी विसरलीस?"

"नाही जाळणार."

"अगं, आईबाप उपाशी राहतील."

"ती पण आता त्याच बाजूला आहे. चुकून तिच्या दारात गेलं तर?"

"नाव घेऊन हाक मार की आईची."

"या हाताने आधी काय केलंय ते पाहिलंस ना. राहू देत उपाशी."

तेव्हापासून तिने आईबापांसाठी कागद जाळला नाही. भाऊजींच्या थडग्यावर मुलं जातात, ती जात नाही. पण पौर्णिमेला चौकात येऊन बसायचं तिने सोडलं नाही. मला वाटायचं सवय. एका वर्षी मी चिडून विचारलं, जाळायचं नाही तर येतेस कशाला धूर खायला?

"तिने तिकडे माझ्यासाठी जाळले तर इथे पोचतील," ती म्हणाली. "मी मेले असं तिला एव्हाना वाटलं असेल. किंवा रागाने तरी जाळील. मी तिच्यासाठी इतकी वर्षं जाळले, तिने एकदा जाळले की फिटलं. मग बोलावणं येईल."

आता ती नव्वदीच्या पुढे आहे. दात नाहीत, पण कान तिखट आहेत आणि भूक माझ्याहून चांगली. गावातल्या सुना आपली बाळं तिच्या मांडीवर ठेवतात, तिच्यासारखं दीर्घ आयुष्य मिळावं म्हणून. ती बाळाला लगेच परत करते.

यंदाही आम्ही दोघी गेलो. मला आता वाकवत नाही, माझ्या नातवाच्या बायकोने माझी रिंगणं काढली. सगळ्यांचे कागद जळून गेले, लोक पांगले. ती आग्नेयेकडे तोंड करून बसली होती, हात मांडीवर उघडे ठेवून.

"काही आलं का गं, जाऊबाई?" मी विचारलं.

तिने स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी पाहिली.

"नाही," ती म्हणाली. "यंदाही विसरली."