चक्कीवालीच्या हिरडीवरची रेघ

पीठ निळं पडलं तेव्हा पाणचक्कीच्या आवारात तीनशेक माणसं असतील. एक सोडून सगळी पाऊलभर मागे सरली.

बाबांनी सगळं मोठ्या झोकात मांडलं होतं. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर काचेच्या दोन बशा. एकीत बाबांच्या मठातून आणलेलं पीठ, दुसरीत आठ महिन्यांपूर्वी पुन्हा सुरू झालेल्या या चक्कीचं. बाबांच्या हातात कुपी, कुपीत फिक्या चहासारखं पाणी. अंगरख्याला खळ इतकी कडक, की बाबा वळले की अंगरखा जरा वेळाने वळायचा.

"हे पाणी नव्हे," बाबा म्हणाले. "हा सत्याचा अश्रू आहे. चौदा वर्षं मौनात राहून तो मी थेंबाथेंबाने मिळवला."

चौदा वर्षांचं मौन सुटलेले बाबा तासभर अखंड बोलत होते. मागची भरपाई चालली असावी.

मठाच्या पिठावर थेंब पडले, ते नुसतं ओलं झालं. चक्कीच्या पिठावर पडले आणि ते मुक्या मारासारखं निळंकाळं पडलं.

"ओळखलीत?" बाबांनी आवाज उतरवला. "एकोणपन्नास वर्षांपूर्वीची चक्कीवाली. याच डोहात गेली ती. तुम्ही चाक फिरवलंत, तिची झोप मोडलीत. आता ती पिठातून घराघरात जाते आहे."

मागे न सरलेलं माणूस म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई. हा चमत्कार त्या बत्तीस वर्षं सातवीच्या वर्गाला करून दाखवत आल्या होत्या. पिष्टावर आयोडीन टाकलं की निळं. परीक्षेत त्याला चार गुण असायचे आणि ते शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा मिळवायची. बाईंनी बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात बाबांनी हल्लीच्या चक्कीवालीला पुढे बोलावलं. तिशीची बाई, पण दोघींनी धरून आणावी लागली. चेहरा मळलेल्या कणकेसारखा. बाबांनी अंगठ्याने तिचा ओठ खाली ओढला.

"या, बघा. ज्याला शंका असेल त्याने जवळ येऊन बघा."

हिरडीच्या कडेने, दातांना लागून, शाईच्या बारीक टाकाने ओढावी तशी निळसर काळी रेघ होती. बाईंनी जवळ जाऊन पाहिली. बोटाने पुसून पाहिली. रेघ गेली नाही. कुपीतल्या पाण्याचा एक थेंबही त्या तोंडाला लागलेला नव्हता.

बाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. सातवीच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

"हिच्यात ती शिरली आहे," बाबांनी निकाल दिला. "आजपासून चौथ्या दिवशी, भर माध्यान्ही, डोहात सात बुचकळ्या. पाहुणी निघून जाईल."

"आणि हिचं काय?" बाईंनी विचारलं.

"हिची श्रद्धा असेल तर ही राहील."

एवढं मोकळं आश्वासन कोणताही डॉक्टर देणार नाही.

चक्कीच्या जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष शेजारीच होते. ते म्हणाले, "उरकून टाकू, बाई. चक्की बघायला येणारे लोक कमी झालेत. पाव घेणारेही कचरतात."

बाई गप्प राहिल्या, याला आणखी एक कारण होतं. चक्की पुन्हा उभी करण्याचा खटाटोप मुळात त्यांचाच. वर्षभर त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी लिहून घेत फिरल्या होत्या. पाट कुठून यायचा, चाकाला लाकूड कोणतं, दगडाला टाकी कशी लावायची. जुनं ते जुन्याच पद्धतीने, हा त्यांचा हट्ट. त्या आठवणींचं त्यांनी पुस्तकही काढलं. त्यात जुन्या चक्कीवालीबद्दल एक वाक्य होतं: "पुढे एका दुर्दैवी घटनेनंतर चक्की बंद पडली." ती दुर्दैवी घटना बाईंनी अकरा वर्षांच्या असताना आईच्या पदराआडून पाहिली होती. तेव्हाही सात बुचकळ्या ठरल्या होत्या. तिसरीनंतर ती वर आली नाही, तरी उरलेल्या चार पुऱ्या केल्या गेल्या.

ज्यांनी त्या पुऱ्या केल्या, त्यांतले दोघे-तिघे पुस्तकात 'आमचे ज्येष्ठ' म्हणून फोटोसह होते.

संध्याकाळी बाई चक्कीवाल्याच्या घरी गेल्या. दाराशी बाबांचे दोन शिष्य पाट टाकून बसलेले. "भेटा, पण हलवायचं नाही," असा हुकूम होता. बाईंनी बरोबर दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणलं होतं. त्या बाईंच्याच विद्यार्थिनी. सातवीत चारपैकी चार.

चक्कीवाली भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाल्या, "हात पुढे कर." तिने केले. उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबला, दोरी तुटलेल्या बाहुलीसारखा.

"किती दिवस झाले?"

"महिना. आधी पोटात पिळवटायचं. तोंडाला लोखंडाची चव. मग तिसऱ्या महिन्यात पोट पडलं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "हे म्हणतात, तिनेच खाल्लं."

चक्कीवाला उंबऱ्यात उभा होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "तुमचं पोट दुखतं?"

"दुखतं की. मला गॅस आहे."

"आणि हिला?"

"हिला ती आहे."

डॉक्टरांनी त्याचाही ओठ ओढून पाहिला. फिकट, पण रेघ होती. चक्कीवाल्याने आरशात पाहिलं आणि पहिल्यांदाच खाली बसला. तो दुपारचं खानावळीत जेवायचा. बायको दोन्ही वेळा घरचंच खायची.

बाहेर आल्यावर डॉक्टर हळूच म्हणाल्या, "बाई, हे भूत मला ओळखीचं वाटतंय. शिसं. रक्तात शिसं गेलं की ते हिरडीच्या कडेला असं काळं पडतं. मनगट लुळं पडतं, पोट पडतं, माणूस भ्रमिष्टासारखं वागतं. मी एकदाच पाहिलंय, बॅटऱ्या वितळवणाऱ्या एका माणसात. पण हिच्या घरात शिसं आलं कुठून?"

डॉक्टरांनी पोलीस चौकीत फोन केला. अजून काही घडलेलं नाही, घडलं की कळवा, असं उत्तर आलं.

शिसं कुठून आलं ते शोधायला बाई दुसऱ्या दिवशी टाकीवाल्या काकांकडे गेल्या. वय एकाहत्तर. चक्कीच्या दगडाला टाकी लावणं, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करणं, हे पंचक्रोशीत त्यांना एकट्यालाच येई.

"काका, वरच्या दगडाची लोखंडी पट्टी दगडात कशी बसवलीत?"

"खाच पाडायची, पट्टी ठेवायची, वरून ओतायचं."

"काय ओतायचं?"

"शिसं. दुसरं काय ओतणार, ताक?" काका हसले. "दगडाला खळगे होते, तेही शिशानेच बुजवले. माझा बाप तसंच करायचा. तुम्हीच नव्हता का म्हणालात, जुन्या पद्धतीनेच हवं?"

बाई म्हणाल्याच होत्या. पुस्तकात हेही होतं, पान छत्तीस, आकृतीसह.

"आणि टाकी लावली की?"

"दगड झिजतो, शिसं वर येतं, पिठाबरोबर घासलं जातं. म्हणून तर रीत होती, पहिलं दळण चक्कीवाल्याच्या घरी. त्याने खाल्लं, की मग गावाने खायचं. तीही रीत तुम्ही परत सुरू केलीत, छान केलंत."

दर तीन आठवड्यांनी टाकी. दर तीन आठवड्यांनी पहिलं दळण, खरवडलेल्या शिशासकट, एकाच घरात. बाकी गाव त्या पिठाचा पाव हौसेने आठवड्यातून एकदा खाई. बाईंना तिथेच ओटीवर बसावं लागलं. काकांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "ऊन फार आहे."

चौथ्या दिवशी माध्यान्ही डोहाकाठी मुंगीला वाट नव्हती. चक्कीवालीच्या कमरेला दोर बांधला होता. दोघे शिष्य गुडघाभर पाण्यात उभे. पुढच्या खुर्च्यांवर आमचे ज्येष्ठ. बाबांनी लोकांच्या खात्रीसाठी बशा पुन्हा मांडल्या, चक्कीचं पीठ पुन्हा निळं केलं.

बाई पिशवी घेऊन पुढे आल्या आणि हात जोडले. "बाबा, मी काल चक्कीवर जाऊन आले. माझ्या घरी तर नाही ना आली ती? हे माझ्या डब्यातलं पीठ."

बाबांना ही बाई आधीपासून खुपत होती. त्यांनी आनंदाने थेंब टाकला. निळं.

"आली आहे," बाबा म्हणाले.

"अरे देवा. आणि हे अध्यक्षांच्या घरचं. शहरातल्या कारखान्यातलं, बंद पाकिटातलं."

निळं. अध्यक्षांच्या बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की भुताची गरज उरली नाही.

"हा उकडलेला बटाटा." निळा. "हा मूठभर भात." निळा.

"बटाट्यात कशी शिरेल ती?" गर्दीतून कुणी तरी म्हणालं. "जमिनीखालून गेली असेल," दुसरा म्हणाला. हशा पिकला.

बाईंनी बाबांच्या हातून कुपी अलगद काढून घेतली आणि दोन थेंब त्यांच्या खळ घातलेल्या बाहीवर सोडले. पांढऱ्याशुभ्र बाहीवर काळानिळा डाग पसरत गेला.

"बाबा, तुमच्यातही शिरली. आधी तुम्ही उतरता का डोहात?"

हशा वाढला. बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "हे आयोडीन आहे. जखमेला लावतो ते, पाणी घालून पातळ केलेलं. पीठ, भात, बटाटा, कपड्याची खळ, या सगळ्यांत पिष्ट असतं. आयोडीन लागलं की पिष्ट निळं होतं. आता मठातलं पीठ निळं का होत नाही, ते पाववाल्याने सांगावं."

पाववाल्याने त्या बशीतली चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकला. "खडू आहे."

बाबांनी पुन्हा मौन धरलं. लोक त्यांच्या अंगावर धावून जाईपर्यंत ते मौनातच वरच्या वाटेने निघून गेले होते.

अध्यक्षांनी कपाळाचा घाम पुसला. "चला, म्हणजे काहीच नव्हतं. चाक सुरू करा रे. आणि ही बया महिनाभर नाटक करत होती. ऊठ आता."

गर्दीला हे पटलं. मघापर्यंत जिच्यात भूत होतं तिच्यात आता ढोंग होतं. तिचं दुखणं मात्र कुणालाच तिच्यात दिसत नव्हतं.

"चाकाला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पीठ निळं पडलं ही लबाडी होती. हिरडीवरची रेघ लबाडी नाही. ज्यांनी ज्यांनी या चक्कीचं पीठ खाल्लं, त्यांनी शेजारच्याचा ओठ खाली करून बघा."

मग पाववाल्याच्या बायकोने त्याचा ओठ ओढला आणि तिचा हात तिथेच थांबला. अध्यक्षांनी मांडीवरच्या नातीचा ओठ खाली केला. मग तिला उचलून ते डॉक्टरांपाशी आले.

चक्कीवाल्याने चौघांना हाताशी घेऊन काठावरच्या चक्कीतला वरचा दगड बाहेर काढून उलटवला. बाईंनी खिळ्याने मधली पट्टी खरवडली. दगडाच्या अंगात चांदीसारखी चकाकी उमटली. पट्टीभोवती, खळग्यांत, जागोजाग.

"हे शिसं," बाई म्हणाल्या. "दळताना झिजतं, पिठात उतरतं, पोटात जातं. सगळ्यात जास्त गेलं ते पहिलं दळण खाणारीच्या पोटात. आत्ताही आणि एकोणपन्नास वर्षांपूर्वीही. तिचेही हात लोंबायचे, तीही बरळायची. मी पाहिलं होतं, आणि पुस्तकात लिहिलं नाही."

टाकीवाले काका पुढच्या खुर्चीवरून उठले. दगडाजवळ आले, ओल्या हाताने चकाकी पुसून पाहिली.

"म्हणजे," ते म्हणाले, "शिसं माझ्या बापाने घातलं."

त्यांनी हात धोतराला पुसला.

"आणि डोहात तिचा डावा हात मी धरला होता. तिसऱ्या वेळेला तिने माझा अंगठा घट्ट पकडला. मला वाटलं, मलाही ओढते आहे."

ते पुन्हा खुर्चीकडे गेले नाहीत. तिथेच दगडाशी उभे राहिले.

चक्कीवालीच्या कमरेचा दोर तिच्या नवऱ्याने सोडला. गाठ घट्ट आवळली होती, वेळ लागला. दवाखान्याच्या गाडीतून तिला शहरातल्या रुग्णालयात नेलं. तीन महिन्यांनी ती परतली. पोटदुखी गेली, बोटं हलतात, पंजा अर्धाच उचलतो. बाकीचा उचलेलच असं डॉक्टर सांगत नाहीत. एकोणपन्नास वर्षांपूर्वी डोहात जी गेली ती परत यायचा प्रश्नच नव्हता.

डोहावरच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी दवाखान्याबाहेर रांग लागली होती. रांगेतल्या काही जणांनी दंडाला बाबांचा दोरा बांधला होता. दोन्हीकडे विचारलेलं बरं, असं त्यांचं मत पडलं. बाबा सध्या नदीपलीकडच्या गावात असतात. तिथे ते कुंकू हिरवं करतात.

चक्की बंद आहे. उलटा दगड अंगणात ठेवला आहे आणि बघायला येणाऱ्यांना बाई स्वतः तो दाखवतात, काही न गाळता. शेवटी त्या सांगतात, निळं पीठ करणारा बाबा पकडणं सोपं, त्याला सातवीची पोरं पुरतात. अवघड आहे ते आपल्या घरातल्या आजाराला आजार म्हणणं. घरातली बाई दुखतंय म्हणाली, वेडंवाकडं बोलली, तिचे हात लुळे पडले, तर तिच्या अंगात कोण आहे ते विचारू नका. ती काय खाते, काय पिते, दिवसभर कशात हात घालते, ते विचारा. आणि तिला डॉक्टरकडे न्या, त्याच दिवशी.