पलंगापुढचा मुजरा

राजाच्या पलंगासमोरून जाताना लवायचं, मग पलंगावर राजा असो की नसो, हा व्हर्सायच्या महालाचा नियमच होता. नोकर आन्सेल्मने तो तीस वर्षं पाळला. आता राजाच उरला नव्हता. जानेवारीत पॅरिसच्या भर चौकात त्याचं मुंडकं उडवलं, आणि या बाजूच्या खोल्या झाडायला राहिला हा एकटा म्हातारा.

आज क्रांतीची माणसं लिलावासाठी सामान न्यायला येणार होती. त्यांच्यासमोर कंबर वाकली की मान गेलीच म्हणून समजा. गल्लीतल्या मेणबत्तीवाल्याने राजाच्या तसबिरीपुढे नुसती टोपी काढली, तेवढ्यावर त्याला गिलोटिनखाली घातला. म्हणून आन्सेल्मची बायको पेरीन आठवडाभर त्याला घरच्या खाटेपुढून येरझाऱ्या घालायला लावत होती. तो लवला की पाठीत लाटणं.

"जन्मभर वाकलात ना? आता एक दिवस ताठ राहा," ती म्हणाली. "मला विधवा करू नका."

खरी भीती त्याने तिलाही सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी राजाला पॅरिसला नेल्यापासून त्या पलंगावर कुणी निजलं नव्हतं, तरी रोज सकाळी गादीला माणसाएवढा खड्डा आणि उशीला डोक्याचा. तो मुकाट्याने हात फिरवून सारखं करायचा. जानेवारीपासून उशी सपाट असायची. गादीचा खड्डा मात्र होताच.

दुपारी क्रांतीच्या माणसांचा म्होरक्या, नागरिक द्युबोस्क, सहा हमाल घेऊन आला. मूळचा खाटीक, आवाज खणखणीत.

"पडदा ओढ म्हाताऱ्या. बघू तरी तुझ्या राजाचं अंथरूण."

आन्सेल्मने जीभ दातांखाली धरली, पलंगाचा पडदा ओढला आणि ताठ उभा राहिला.

भर उजेडात, सगळ्यांच्या देखत, गादी हळूहळू दबत गेली. खांद्यांपासून पायांपर्यंत. उशीची सुरकुतीही हलली नाही.

एका हमालाची क्रांतीची लाल टोपी हातात आली, मग दुसऱ्याची. सातही जण कंबरेतून वाकले, द्युबोस्क सगळ्यांत खाली. आन्सेल्मची पाठ नुसती ठणकत होती, पण वाकला नाही बिचारा. सुटलो, असंच वाटलं त्याला.

द्युबोस्क सरळ झाला. टोपी परत डोक्यावर चढवली. त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं, त्यांनी त्याच्याकडे, आणि मग सगळ्यांनी मिळून त्या ताठ उभ्या म्हाताऱ्याकडे.

"ह्याने राजाला मुजरा केला," द्युबोस्क म्हणाला. "आपण सगळ्यांनी बघितलं."

सहा माना हलल्या.

आन्सेल्म भांडला नाही. भांडणार कुणाशी? पेरीनचा अख्खा आठवडा फुकट गेला, याचा मात्र त्याला भयंकर संताप आला. दाराशी नेल्यावर त्याने दंड सोडवून घेतला, मागे वळला आणि पलंगापुढे सावकाश, नीट, जुन्या शिस्तीत लवला. त्याला कुणी अडवलं नाही. ते सगळे पलंगाकडे पाठ करून भिंतीकडे बघत होते.